शाळेत क्लब सुरू करताय? मुलांना सॉफ्ट स्किल्स देणारा क्लब कसा उभा करायचा

शाळेने एखाद्या क्लबची जबाबदारी तुमच्यावर सोपवली असेल, किंवा तुम्ही ती आपणहून मागून घेतली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पहिल्या महिन्यात बहुतेकांची धांदल उडते, ती त्यामुळे कमी व्हावी. वादविवाद, नाट्य, विज्ञान, निसर्ग, शाळेचं वार्तापत्र असे निरनिराळे क्लब मी चालवले आहेत आणि इतरांचे चालताना जवळून पाहिले आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बोलणं, ऐकून घेणं, जुळवून घेणं, वेळ पाळणं, अंगावर घेतलेलं काम निभावणं या गोष्टी मुलं क्लब चालवता चालवता शिकतात. क्लबचा विषय त्यासाठी निमित्त असतो. बैठक कोणी बोलवायची, दोघांना एकच काम हवं असेल तर काय करायचं, सामान आणायचं राहिलं तर कार्यक्रम कसा पार पाडायचा, या कटकटींतच खरं शिक्षण आहे. मोठ्यांनी त्या परस्पर निस्तरल्या की क्लब सुरळीत चालतो, पण मुलं होती तिथेच राहतात.

हे वर्गात का होत नाही, असं मुख्याध्यापक किंवा पालक विचारतीलच. रीड लार्सन या मानसशास्त्रज्ञाने २००० साली किशोरवयीन मुलांच्या रोजच्या अनुभवांविषयी एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. वर्गात मुलांना एकाग्र व्हावं लागतं, पण त्यांचं मन त्यात नसतं. मित्रांबरोबर असताना मन रमतं, पण एकाग्रता लागत नाही. स्वतः निवडलेल्या आणि शिस्तीत चालणाऱ्या उपक्रमांत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि पुढाकार घेण्याची सवय तिथे रुजते. यातल्या दोन अटी लक्षात ठेवा: मुलाने क्लब स्वतः निवडलेला हवा आणि क्लबला शिस्त हवी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन अटींवर उभ्या आहेत.

१. आधी कौशल्य ठरवा, मग उपक्रम

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, प्रभावी संवाद, परस्पर संबंध, स्वतःची जाण, सहानुभूती, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं. यादी उत्तम आहे, पण नवे शिक्षक ती पूर्णच्या पूर्ण क्लबच्या उद्दिष्टांत उतरवून काढतात. तसं करू नका. पहिल्या सत्रासाठी दोन कौशल्यं निवडा, फार तर तीन.

कोणत्या क्लबमध्ये कोणतं कौशल्य सहज वाढतं, याचा माझा अंदाज असा. वादविवादात मुलं बोलायला शिकतात असं सगळे म्हणतात. मला मात्र त्यात ऐकण्याचं शिक्षण जास्त दिसतं, कारण समोरच्याचा मुद्दा नीट पकडल्याशिवाय तो खोडता येत नाही. नाटकात आपला प्रवेश दुसऱ्याच्या वेळेवर अवलंबून असतो, म्हणून विश्वास आणि वक्तशीरपणा येतो. विज्ञान क्लबमध्ये प्रयोग फसतात. तेव्हा नोंदी तपासणं आणि निराशा पचवून पुन्हा सुरुवात करणं मुलांना जमू लागतं. वार्तापत्रात अनोळखी माणसाला प्रश्न विचारावे लागतात, अंकाची तारीख पाळावी लागते आणि छापून आलेली चूक पुढच्या अंकात जाहीरपणे दुरुस्त करावी लागते. एवढी जबाबदारी मुलांना दुसरीकडे क्वचितच मिळते. समाजसेवेच्या क्लबमध्ये सहानुभूती आपोआप येते हा गैरसमज आहे. आधी समोरच्या माणसाला ‘तुम्हाला काय हवं आहे’ असं विचारायला शिकवलं, तरच ती येते.

२. परवानगी आणि कागदपत्रं

मुख्याध्यापकांना एक पानी प्रस्ताव द्या. त्यात क्लबचं नाव, निवडलेली कौशल्यं, इयत्ता, मुलांची कमाल संख्या, वार आणि वेळ, खोली, लागणारं साहित्य आणि सत्राअखेरीचा एक उपक्रम एवढं पुरे. लांबलचक प्रस्ताव टेबलावर पडून राहतो.

सोबत ही तयारी ठेवा:

• पालकांचं संमतीपत्र. त्यात वेळ, जागा, मुलाला न्यायला कोण येणार आणि फोटो काढण्यास परवानगी आहे का, या चार गोष्टी स्वतंत्रपणे विचारा.
• हजेरीपट.
• इतिवृत्ताची वही. ही मुलांनीच लिहायची.
• कामवाटपाचा तक्ता, भिंतीवर लावता येईल असा.
• हिशेबवही, पैसे हाताळले जाणार असतील तर.
• तातडीच्या संपर्काचे क्रमांक आणि मुलांच्या आरोग्याबद्दल आवश्यक माहिती. ही फक्त तुमच्याकडे राहील.
• तुमची निरीक्षणवही. हिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.
• सेकंद दाखवणारं घड्याळ आणि हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं.

वेळापत्रकात पक्की जागा मिळवा. ‘जमेल तेव्हा भेटू’ म्हणून सुरू झालेला क्लब परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी बंद पडतो. दर आठवड्याला शक्य नसेल तर पंधरवड्याने घ्या, पण वार बदलू नका.

३. मुलं निवडू नका, मुलांना निवडू द्या

वर्गशिक्षकांकडून ‘चुणचुणीत मुलांची’ यादी मागवणं हा इथला सगळ्यात मोठा सापळा. जी मुलं आधीच धीटपणे बोलतात त्यांना आणखी एक व्यासपीठ मिळतं, आणि ज्यांना क्लबची खरी गरज आहे ती बाहेर राहतात. सूचनाफलकावर साधं निवेदन लावा आणि वर्गावर्गांत जाऊन दोन मिनिटं बोला. मुलांना एक-दोन बैठका येऊन पाहू द्या आणि मगच नाव नोंदवू द्या. पालकांच्या आग्रहाखातर आलेलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत ओळखू येतं. त्याच्याशी एकट्याने बोला आणि दुसरा क्लब निवडायची मोकळीक द्या.

संख्या बारा ते वीसच्या दरम्यान ठेवा, आणि प्रत्यक्ष काम चार-पाच जणांच्या गटांत होऊ द्या. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना एकत्र दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली होती. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार गट जसजसा मोठा होतो तसतसा प्रत्येकाचा वाटा घटत जातो. शाळेतल्या दहा जणांच्या गटात हेच होतं: तिघं राबतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती उभे राहतात. त्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही, त्यांच्या वाट्याला कामच उरलेलं नसतं.

४. पहिल्या बैठकीत निर्णय मुलांचे

रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांना वापरून घेतलं जातं, शोभेसाठी उभं केलं जातं किंवा नावापुरतं विचारलं जातं. त्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग म्हणतच नाहीत. मोठ्यांनी लिहून दिलेलं भाषण पाठ म्हणणारी मुलं तिथेच असतात. सगळ्यात वरच्या पायरीवर कल्पना मुलांची असते आणि निर्णय मुलं व मोठी माणसं मिळून घेतात.

पहिल्याच दिवशी वरची पायरी गाठायची नसते, पण दिशा तीच हवी. पहिल्या बैठकीत तीन निर्णय मुलांवर सोपवा: क्लबचं नाव, वागण्याचे नियम आणि सत्राचा उपक्रम. नियम पाचाच्या वर नकोत, आणि प्रत्येक नियम डोळ्यांना दिसेल असा हवा. ‘एकमेकांचा आदर करू’ हे ऐकायला छान वाटतं, पण ते पाळलं की नाही हे कसं ठरवणार? त्याऐवजी ‘एक जण बोलत असताना दुसरा बोलणार नाही’ असं लिहा.

तुमच्या मर्यादा मात्र आधीच सांगून टाका. पैसे किती आहेत, शाळेबाहेर जाता येईल का, कोणत्या बाबतीत शेवटचा शब्द तुमचा असेल, हे मुलांना स्पष्ट माहीत हवं. मुलांनी उत्साहाने ठरवलेली गोष्ट नंतर ‘परवानगी नाही’ म्हणून बाद झाली, की पुढच्या वेळी ती ठरवायलाच पुढे येत नाहीत.

५. भूमिका वाटा आणि फिरवत राहा

अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं वर्षभरासाठी एकेकाला देऊन टाकली, तर तिघंच शिकतात. दर तीन-चार बैठकांनी भूमिका बदला. माझ्या अनुभवात या भूमिका उपयोगी ठरतात:

सूत्रधार बैठक चालवतो. विषयपत्रिकेतला मुद्दा वाचतो, हात वर करणाऱ्यांना क्रमाने बोलू देतो आणि शेवटी काय ठरलं ते एका वाक्यात सांगतो. हे एक वाक्य सांगणं भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून त्याचा सराव करून घ्या.

सचिव इतिवृत्त लिहितो: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तीन रकाने, बस. चर्चा जशीच्या तशी उतरवायचा प्रयत्न मुलं करतात आणि मागे पडतात.

वेळपाल तीन कार्डं घेऊन बसतो. टोस्टमास्टर्स या १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या, भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेत वक्त्याला वेळ असाच दाखवतात: हिरवा म्हणजे किमान वेळ झाला, पिवळा म्हणजे आवरतं घ्या, लाल म्हणजे वेळ संपला. तिथे वक्त्यांबरोबर वेळ पाहणारा, भाषेकडे लक्ष देणारा, ‘अं’, ‘आं’ मोजणारा आणि भाषणावर अभिप्राय देणारा अशा भूमिका असतात. न बोलणाऱ्या प्रत्येकालाही लक्षपूर्वक ऐकण्याचं कारण मिळतं, हे या पद्धतीचं बलस्थान आहे. तुमचा क्लब विज्ञानाचा असला तरी ही कल्पना जरूर उचला.

आठवणकर्ता म्हणजे दोन बैठकांच्या मधे प्रत्येकाला ‘तुझं काम कुठवर आलं?’ असं विचारणारा. हे पद मी मुद्दाम ठेवते. मित्राला न दुखावता पाठपुरावा करणं फार अवघड असतं, आणि पुढे नोकरीत, घरात, कुठेही ते लागतं. सुरुवातीला मुलं एकतर खेकसतात किंवा विचारायचंच टाळतात. त्यांना तयार वाक्यं द्या: ‘गुरुवारपर्यंत होईल ना? काही अडलंय का? मी काय करू?’

खजिनदाराची भूमिका पैसे असतील तरच ठेवा. आलेली, गेलेली आणि उरलेली रक्कम तो प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचून दाखवेल. वर्षाअखेर एकदम हिशेब मागितला की गोंधळ होतो आणि विनाकारण मुलावर संशय येतो.

६. बैठकीचा ठरलेला साचा

चाळीस मिनिटं मिळत असतील तर मी अशी विभागणी करते:

• पहिली ५ मिनिटं: मागच्या बैठकीचं इतिवृत्त, कोणाचं काम झालं आणि कोणाचं राहिलं.
• पुढची २० मिनिटं: गटांत प्रत्यक्ष काम.
• मग ५ मिनिटं: प्रत्येक गटाचा एक जण बाकीच्यांना सांगतो. दर वेळी वेगळा.
• त्यानंतर ७ मिनिटं: मागे वळून पाहणं.
• शेवटची ३ मिनिटं: पुढच्या वेळची कामं आणि भूमिका.

वेळ कमी पडला की शिक्षक हमखास मागे वळून पाहणं गाळतात आणि कामाला जास्त वेळ देतात. उलट करा. काम पुढच्या बैठकीत पुरं करता येतं. ताजा अनुभव मात्र आठवडाभराने कोणाला आठवत नाही.

७. भांडण होईल, त्याची तयारी ठेवा

तिसऱ्या ते सहाव्या बैठकीच्या दरम्यान कुठेतरी ठिणगी पडते. ‘तीच नेहमी बोलते’, ‘आम्ही काम केलं आणि नाव त्याचं झालं’, ‘मी आता येणारच नाही’. नव्या शिक्षकाला वाटतं, क्लब मोडला. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गट कसे घडतात याच्या चार अवस्था सांगितल्या: एकत्र येणं, खटके उडणं, रीत बसणं आणि मग जोमाने काम होणं. खटके उडण्याची अवस्था त्यांनी या घडण्याचाच भाग म्हणून मांडली आहे. मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा. ‘काही दिवसांनी आपल्यात वाद होतील, ते बहुतेक गटांत होतात’ हे पहिल्याच आठवड्यात ऐकलेलं मूल वाद झाल्यावर कमी घाबरतं.

वाद झाल्यावर न्यायाधीश होण्याचा मोह आवरा. तुम्ही निकाल दिलात की एक जण जिंकतो, एक हरतो, आणि पुढच्या प्रत्येक कुरबुरीसाठी दोघंही तुमच्याकडे धावत येतात. त्याऐवजी या क्रमाने जा.

पहिली गोष्ट, थोडा वेळ जाऊ द्या. रागाने लाल झालेल्या मुलाला समजावून काही उपयोग नाही. पाणी प्यायला पाठवा, दुसरं काम द्या, बैठक संपल्यावर बसा.

मग दोघांना समोरासमोर बसवा आणि प्रत्येकाला समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायला लावा. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं समोरचा म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. हा नियम कडक पाळा. बऱ्याचदा निम्मा वाद इथेच विरघळतो, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते हे त्यांच्या लक्षात येतं.

त्यानंतर वाक्यं बदलायला शिकवा. ‘तू कधीच ऐकत नाहीस’ यावर भांडण वाढतं. ‘मी बोलत असताना तू उठून गेलास, तेव्हा मला माझ्या बोलण्याला किंमत नाही असं वाटलं’ यावर उत्तर देता येतं. घडलेली गोष्ट आणि मनात आलेलं, दोन्ही वेगळं सांगायला मुलांना सराव लागतो. पहिल्यांदा ती अवघडतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी स्वतःच तसं बोलू लागतात, आणि ते ऐकताना फार समाधान वाटतं.

शेवटी तोडगा त्यांनाच काढू द्या आणि तो इतिवृत्तात लिहून ठेवा. तोडगा तुम्हाला अर्धवट वाटला तरी चालेल. दोन आठवड्यांनी तो टिकला का ते त्यांनाच विचारा.

एका ठिकाणी मात्र वाट पाहायची नाही. एखाद्या मुलाला सतत चिडवणं, एकटं पाडणं, धमकावणं, अंगाला हात लावणं असं काही दिसलं तर त्याला मुलांमधला वाद समजू नका. तिथे दोन्ही बाजू समान नसतात, म्हणून समोरासमोर बसवू नका. लगेच थांबवा, शाळेच्या ठरलेल्या पद्धतीने वरिष्ठांना कळवा आणि लेखी नोंद ठेवा.

८. अबोल मुलांसाठी

माझ्या दृष्टीने क्लबची कसोटी इथे लागते. अबोल मुलाला अचानक उभं करून ‘आता तू बोल’ म्हणणं हा धीट बनवण्याचा उपाय समजला जातो. त्यातून तो दिवस त्याच्या मनात राहतो आणि पुढच्या वेळी तो गैरहजर असतो.

सुरुवात तुमच्या गप्प बसण्यापासून करा. मेरी बड रो या संशोधक बाईंनी वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादं सेकंदच थांबतात, असं त्यांना आढळलं. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात तीन अंक मोजा. ते तीन सेकंद फार लांब वाटतात, पण तेवढ्यात एखादा हात वर येतो.

दुसरी युक्ती फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग सगळ्यांसमोर. शेजाऱ्याला सांगून झालेलं वाक्य दुसऱ्यांदा सांगायला धीर लागत नाही. चिठ्ठीवर मत लिहून घेणं, आपलं मत मांडण्याआधी जोडीदाराचं मत सांगायला लावणं, हेही उपयोगी पडतं.

भूमिकांची चढण मंद ठेवा. आधी वेळपाल, ज्यात फक्त कार्ड दाखवायचं. मग इतिवृत्त वाचणं, कारण मजकूर हातात असतो. मग गटाचं काम चार वाक्यांत सांगणं. सूत्रधार सगळ्यात शेवटी. आणि हेही लक्षात असू द्या की शांत स्वभाव हा दोष नाही. शांत मूल वर्षाअखेर शांतच राहिलं, पण गरज पडली तेव्हा ‘मला हे पटत नाही’ असं म्हणू शकलं, तर क्लबने त्याला पुष्कळ दिलं.

सतत बोलणाऱ्या मुलांनाही मदत लागते. त्यांना गप्प बस म्हणू नका. निरीक्षकाचं काम द्या: आज कोणाला किती वेळा बोलायला मिळालं, याची खूण करायची. ती खूण करताना बहुतेकांना आपली सवय स्वतःच दिसते.

९. खरं काम, खरी तारीख, बाहेरचा श्रोता

क्लबमधलं काम क्लबमध्येच संपत असेल तर मुलं ते गृहपाठासारखं उरकतात. सत्रात एक तरी उपक्रम असा हवा की ज्याची कोणीतरी बाहेर वाट पाहत आहे: धाकट्या वर्गांसाठी प्रयोगांचं प्रदर्शन, वार्तापत्राचा अंक, एखाद्या तज्ज्ञाची मुलाखत, पालकांसमोर नाट्यप्रयोग, परिसरातल्या पक्ष्यांची नोंद करून लावलेला फलक. तारीख एकदा जाहीर झाली की बदलायची नाही.

पाहुण्यांना पत्र मुलांनी लिहावं, फोन मुलांनी करावा. फोनआधी दोघांनी समोरासमोर बसून सराव करायचा: नाव सांगणं, कशासाठी फोन केला ते सांगणं, आता बोलायला वेळ आहे का हे विचारणं, नकार आला तरी आभार मानून फोन ठेवणं. फोनवेळी तुम्ही शेजारी असा आणि पाहुण्यांची माहिती आधी स्वतः तपासलेली असू द्या. पण फोन तुमच्या हातात घेऊ नका.

आदल्या दिवशी काहीतरी अडतं. बॅनर तयार नसतो, एक मूल आजारी पडतं. पालक मदतीला धावतात आणि रात्रीत सगळं सुबक करून देतात. त्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवा की मुलांनी केलेलं वाकडंतिकडंही चालेल. शाळेलाही हे पटवावं लागतं, कारण पाहुण्यांसमोर सगळं झळझळीत दिसावं असा आग्रह असतो. मी मुख्याध्यापकांना तयारीच्या दिवशीच बोलावते आणि मुलांकडून आराखडा सांगवते. त्यानंतर आग्रह पुष्कळ कमी होतो.

१०. मागे वळून पाहणं कधी गाळू नका

जोसेफ डरलाक, रॉजर वाइसबर्ग आणि मॉली पॅचन यांनी शाळेच्या वेळेनंतरच्या उपक्रमांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या उपक्रमांत कौशल्यं टप्प्याटप्प्याने शिकवली होती, मुलांनी ती प्रत्यक्ष करून पाहिली होती, त्यासाठी राखून वेळ दिला होता आणि आपण नेमकं कोणतं कौशल्य शिकतोय हे उघड सांगितलं होतं, तिथे मुलांत फरक दिसला. ज्यात या चार गोष्टी नव्हत्या, तिथे तो दिसला नाही. म्हणून कौशल्याचं नाव घ्यायला संकोचू नका. ‘आज आपण नकार कसा द्यायचा ते करून पाहतोय’ असं सरळ सांगा.

मागे वळून पाहण्याच्या सात मिनिटांसाठी हे प्रश्न फिरवून वापरा: आज कुठे अडलो? तेव्हा कोणी काय केलं? कोणाच्या बोलण्यामुळे तुझं मत बदललं? हेच पुन्हा करायचं तर काय वेगळं करशील? हे घरी किंवा वर्गात कुठे वापरता येईल? एका दिवशी दोनच प्रश्न घ्या. ‘मजा आली का?’ हा प्रश्न टाळा. त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो.

अभिप्राय देताना ‘छान’, ‘मस्त’ चालणार नाही असं ठरवून घ्या. नेमकी एक चांगली गोष्ट आणि पुढच्या वेळी करून पाहायची एक गोष्ट. ‘तू सुरुवातीला प्रश्न विचारलास तेव्हा मी लक्ष देऊन ऐकलं. शेवट घाईत झाला, तिथे थोडं थांब.’ असा अभिप्राय देणाऱ्यालाही ऐकताना जागं राहावं लागतं.

११. प्रगती कशी ओळखायची

गुण देऊ नका. प्रमाणपत्रांचा गाजावाजाही आवरा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडायचं, त्यांच्यापैकी काहींना त्यासाठी प्रमाणपत्र देण्याचं आधी कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. क्लबचंही तसंच होऊ शकतं.

निरीक्षणवहीत प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. दर बैठकीत तीन-चार मुलांकडेच बारकाईने लक्ष द्या आणि तारखेसह एक-दोन वाक्यं लिहा. मत लिहू नका, घडलेलं लिहा. ‘आत्मविश्वास वाढला’ यातून काही कळत नाही. ‘गटाने सूचना नाकारली, तरी रागावला नाही, दुसरी सूचना मांडली’ यातून कळतं. पालकसभेत हीच वाक्यं वाचून दाखवा. ‘क्लबमुळे अभ्यास मागे पडतो’ अशी तक्रार घेऊन आलेले पालकही अशी ठोस उदाहरणं ऐकली की थांबून ऐकतात. त्यांची काळजी खोटी नसते, म्हणून परीक्षेच्या आठवड्यांत बैठक ठेवू नका आणि हे वेळापत्रक सुरुवातीलाच हातात द्या.

मुलांकडूनही सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच पान भरून घ्या: मला सोपं जातं ते, मला अवघड जातं ते, आणि मी करून पाहणार आहे ते. दोन्ही पानं शेजारी ठेवून मुलाला स्वतःच वाचू द्या.

१२. वर्ष संपताना हस्तांतर

शेवटच्या दोन बैठका यासाठीच राखून ठेवा. प्रत्येक भूमिकेवर काम केलेल्या मुलांनी मिळून नव्या मुलांसाठी एक पान लिहायचं: हे काम कसं करायचं, कुठे अडतं, कोणाला विचारायचं. शक्य असेल तर पुढच्या वर्षी येऊ पाहणाऱ्या मुलांना शेवटच्या बैठकीला बसवा आणि जुन्या मुलांना त्यांना शिकवू द्या.

इतिवृत्तं, हिशेब, ही पानं आणि पाहुण्यांच्या संपर्काची यादी एका फाइलमध्ये लावून शाळेच्या कपाटात ठेवा. निरीक्षणवही आणि आरोग्याची माहिती त्यात ठेवू नका, ती शाळेच्या नियमानुसार जपून ठेवा किंवा नष्ट करा. पुढच्या वर्षी क्लब दुसऱ्या शिक्षकांकडे गेला, तर त्यांना फाइल देताना सचिव राहिलेल्या एखाद्या मुलालाही सोबत घेऊन जा आणि माहिती त्यालाच सांगू द्या.